तुंबडीचे काळे डाग : माझ्याच पोस्टचा खुलासा

‘कपिंगनंतर उठणारे काळे डाग म्हणजे बाहेर आलेलं विष’ ही माझी गेल्या आठवड्यातली पोस्ट फिरतेय. ती चुकीची आहे.

कपिंग म्हणजे तुंबडी लावणं : त्वचेवर पेला ठेवून आतली हवा कमी करतात, म्हणजे त्वचा वर ओढली जाते. या ओढीमुळे त्वचेखालच्या केशवाहिन्या (अगदी बारीक रक्तवाहिन्या) फुटतात, रक्त तिथंच साकळतं. मुका मार लागल्यावर होतं तसंच. म्हणून तर डाग काही दिवसांत आपोआप विरतो. रक्त गाळायचं काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर दिसले ते हेच डाग.

तुंबडी जुनी, हे मात्र खरं. आयुर्वेदाच्या सुश्रुतसंहिता या ग्रंथात रक्तमोक्षणासाठी (म्हणजे अंगातलं रक्त काढण्यासाठी) शिंग, अलाबू (म्हणजे आपला दुधी भोपळा) आणि जळवा सांगितल्यात. पण जुनं म्हणून डागाचं विष होत नाही. दुखणं तात्पुरतं हलकं वाटू शकतं, तेवढंच. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

जुनी पोस्ट कृपया पुढे पाठवू नका.