हिरोशिगेच्या फुलबागा आणि झेनचा गैरसमज

एकोणिसाव्या शतकातला जपानी चित्रकार उतागावा हिरोशिगे याचे कामेइदोच्या प्लम-बागेचे चित्र समाजमाध्यमांवर वारंवार फिरते आणि त्याखाली एक ठरलेला मजकूर असतो: झेन या बौद्ध पंथाच्या साधूंच्या या निर्मनुष्य बागा चित्रकाराने ध्यानस्थ बसून स्वहस्ते रंगवल्या आणि त्या राजवाड्यासाठी होत्या. यातले एकही विधान टिकत नाही.

झेनची बाग म्हणून जिचे नाव आधी घेतले जाते, त्या क्योतोच्या ऱ्योआनजी मंदिराच्या अंगणात पांढरी खडी, 15 दगड आणि शेवाळ आहे. फुलांचा ताटवा नाही. उलट हिरोशिगेने 1857 मध्ये ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्ये’ (एदो हे टोकियोचे जुने नाव) या मालिकेसाठी चितारलेली कामेइदोची बाग आजच्या टोकियोच्या पूर्व भागात होती आणि बहराच्या दिवसांत तेथे शहरातील लोकांची रीघ लागे. त्याच मालिकेतले होरिकिरी तर आयरिसची लागवड करून एदोला फुले पुरवणाऱ्या शेतकऱ्यांचे गाव. जेथे माल पिकतो आणि गिऱ्हाईक येते, तेथे साधूंना आणून बसवण्याचे कारण मला तरी सापडत नाही.

निर्मनुष्यतेचा दावा करणाऱ्याने हे चित्र बहुधा मोबाइलवर बोटभर आकारातच पाहिले असावे. समोरची जाडजूड, वेडीवाकडी फांदी सारी चौकट अडवते हे खरे. पण तिच्या फटींतून नजर मागे नेली की कुंपणापलीकडे फुले पाहायला आलेली माणसे स्पष्ट दिसतात. होरिकिरीच्या चित्रातही आयरिसच्या उंच देठांमागे, दूरवर, अशीच मंडळी आहेत.

‘स्वहस्ते’ हा शब्दही चुकीचा आहे, कारण ही चित्रे लाकडी ठोकळ्यांवरून छापलेली आहेत. चित्रकार रेखाटन करी, कोरणारा ते ठोकळ्यांवर उतरवी, छापणारा रंग लावी आणि विक्रीचा व्याप प्रकाशक सांभाळी. कामेइदो तेन्जिन मंदिराच्या, विस्टेरिया या फुलवेलीचे घोस लोंबणाऱ्या चित्रात ही श्रमविभागणी चुकीमुळेच उघडी पडते: काही प्रतींमध्ये कमानदार पुलाखालून दिसणारे आकाश तळ्याच्या पाण्यासारखे गडद निळे छापले गेले आणि पुढच्या छपाईत ते दुरुस्त झाले.

राजवाड्याबद्दल फार लिहावे लागत नाही. ही छापील चित्रे, म्हणजे छापे, सामान्य नागरिकाला परवडतील अशा किमतीला विकली जात. पुढे पॅरिसमध्येही जपानी छापे इतके स्वस्त मिळत, की कायम ओढगस्तीत असलेल्या डच चित्रकार व्हॅन गॉगला ते ढिगाने विकत घेता आले आणि 1887 मध्ये त्याने कामेइदोच्या याच चित्राची तैलरंगांत नक्कल केली.