मधल्या पस्तीस वर्षांचं काय?

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतल्या माझ्या गॅरेजमधून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रींना व्हिडिओ कॉल लावला. समोर १९६७ ची मॉरिस मायनर उघडी, टॅपेट कव्हर काढलेलं, हातात फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी. पुस्तकात व्हॉल्व्हची गॅप बारा थाऊ, म्हणजे इंचाचे बारा हजारांश, लिहिली आहे, पण पट्टी किती घट्ट ओढली गेली पाहिजे हे पुस्तक सांगत नाही. मिस्त्रींनी चष्मा लावला, मोबाइल जवळ धरला आणि इंजिन बघताक्षणी म्हणाले, "ही अँबॅसडरची धाकटी भैण की रं! नवाची बेरीज धर, चुकायचं न्हाई." म्हणजे पहिला व्हॉल्व्ह पूर्ण दबला की आठवा सेट करायचा, तिसरा दबला की सहावा. बेरीज नेहमी नऊ. मायनर त्यांनी आयुष्यात उघडलेली नाही, पण त्यांचं बरोबर होतं. अँबॅसडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि माझ्या गाडीचं १०९८ सीसीचं इंजिन एकाच ब्रिटिश घराण्यातली. अँबॅसडर ही मुळात मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी आवृत्ती. ती इथून तासाभराच्या अंतरावर काउली इथे जन्मली आणि नंतर बंगालमधल्या उत्तरपाड्यात २०१४ पर्यंत बनत राहिली. मायनरही 'बेबी हिंदुस्तान' या नावाने आपल्याकडे आली होती.

ही गाडी मी ९०० पौंडांना घेतली तेव्हा ती गाडी कमी आणि गंज जास्त होती. मायनरला वेगळी चासी नाही, सगळा भार पत्र्यावर. दरवाज्याखालची पट्टी आणि मागचे पाटे जिथे बांधलेले असतात ती जागा सडली की गाडी रंगवून काही उपयोग नसतो. विकणाऱ्याने वरून पुट्टी भरून चकचकीत करून ठेवली होती. लोहचुंबक लावला तर तीन ठिकाणी चिकटेना. पहिला हिवाळा नुसतं कापण्यात गेला. मग स्थानिक कॉलेजातल्या संध्याकाळच्या वर्गात वेल्डिंग शिकलो, कारण इथे कारागिराच्या एका तासाचे पैसे हौशी माणसाला परवडत नाहीत. दुसऱ्या हिवाळ्यात नवा पत्रा बसला. तिसऱ्यात ब्रेक, वायरिंग आणि पुढच्या चाकांचे ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते सांधे. या गाडीत ट्रनियनला वेळच्या वेळी ग्रीस दिलं नाही तर एक दिवस पुढचं चाक आत दुमडून गाडी जागीच बसते. एप्रिलमध्ये ती रस्त्यावर आली. त्या दिवशी वडिलांची, आण्णांची, फार आठवण झाली.

आमच्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी होती. स्टेअरिंगला गिअर, मोतिया रंग. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली. सोलापूरच्या माणसाने उभारलेल्या कारखान्याची गाडी, याचा आण्णांना अभिमान होता. रविवारी ते स्वतः प्लग काढून पॉलिश पेपरने घासायचे आणि पाने माझ्या हातात द्यायचे. दुसऱ्या फेरनोंदणीच्या वेळी, २००६ मध्ये, त्यांनी तीन हेलपाटे घातले. दर वेळी नवा कागद. चौथ्यांदा गेलेच नाहीत. मी तेव्हा इंग्लंडात नवा होतो. फोनवर फक्त म्हणाले, "दिली." भंगारात. त्यांचे पाने मी नंतर इकडे आणले. ते एमएमचे आहेत आणि मायनर इंची आहे, त्यामुळे त्यातला एकही बसत नाही. तरी ते त्याच कप्प्यात ठेवले आहेत.

घरच्या ग्रुपवर गेली दोन-तीन वर्षं जुन्या गाड्या मोडीत काढाव्यात का यावरून वाद चालू आहे, त्यात मी कुठे उभा आहे ते यावरून कळेल. मुंबईत ताडदेवला शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. दिल्लीत दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवण्यावर बंदी आली. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१८ मध्ये कायम ठेवली. जुलै २०२५ मध्ये अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं आणि लोक संतापल्यावर थांबलं. त्याच वर्षी वीस वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी ५,००० वरून १०,००० रुपये झाली.

पुण्यातला माझा आतेभाऊ या सगळ्याच्या बाजूने आहे. त्याच्या मुलीला दमा आहे. तो मला म्हणाला, "तुझ्यासाठी जुनी गाडी म्हणजे आण्णा. माझ्यासाठी ती सिग्नलला पुढे उभी असलेली धुराची नळी आहे." या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते शोधायलाही मला आवडणार नाही. रोज दीडशे किलोमीटर धावणारी वीस वर्षांची टॅक्सी, क्षमतेच्या दीडपट वाळू वाहणारा पंचवीस वर्षांचा ट्रक, हे रस्त्यावरून गेलेच पाहिजेत. पद्मिनी टॅक्सी थांबल्या ते योग्यच झालं. मला दुःख आहे ते पुढच्या गोष्टीचं. निदान एक तरी टॅक्सी जपून ठेवा, अशी टॅक्सीवाल्यांच्या संघटनेची मागणी होती, तीही पदरात पडली नाही.

वादात एक गोष्ट कायम निसटते. रोजच्या वापराची जुनी गाडी आणि हौसेने जपलेली जुनी गाडी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. माझी मायनर वर्षाला हजार किलोमीटरही जात नाही. आपल्या कायद्याला हा फरक कळतो, पण फार उशिरा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी 'व्हिंटेज' वाहनाची व्याख्या केली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी. 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. नियम चांगला आहे, तो आणणाऱ्यांचं मला कौतुक आहे. पण पंधरा वर्षांनी पहिली नोंदणी संपते आणि पन्नासाव्या वर्षी गाडी 'वारसा' होते. मधली पस्तीस वर्षं ती कायद्याच्या लेखी फक्त जुनी गाडी. दर पाच वर्षांनी फिटनेस, फी, पर्यावरण कर आणि हेलपाटे. राजवाड्यात रोल्स रॉइस पन्नास वर्षं सहज टिकते, तिला जागा आहे, माणसं आहेत. कदमवाडीतल्या शाळामास्तरांची पद्मिनी नाही टिकत. त्यामुळे आपला मोटारींचा वारसा म्हणून जे उरेल ते संस्थानिकांचं उरेल. ज्या गाड्यांतून आपण लग्नाला गेलो, आजीला दवाखान्यात नेलं, त्या उरणार नाहीत.

ट्रक आणि टेम्पोंची तर त्या व्याख्येत गणतीच नाही. ती दुचाकी आणि खासगी प्रवासी मोटारींपुरती आहे. १९५४ मध्ये टाटांनी मर्सिडीज-बेंझशी करार केला, त्यातून निघालेल्या गोल नाकाच्या ट्रकनी हा देश अक्षरशः वाहून नेला. आकुर्डीची मॅटाडोर, तीन चाकांचा हॅन्सिट टेम्पो ज्याच्या मागे आमच्या गल्लीचा गणपती बसायचा. यातलं एखादं वाहन कुणी घरी उभं केलं, रंगवलं, चालतं ठेवलं, तर कायद्याकडे त्याच्यासाठी शब्दच नाही. हरियाणात तावडूला वाहतुकीचं एक छान संग्रहालय २०१३ पासून आहे. पण संग्रहालयातली गाडी आणि रविवारी फाटकातून बाहेर निघणारी गाडी यांत फरक आहे.

इथे इंग्लंडात जुनी गाडी वारसा ठरण्याची रेषा चाळीस वर्षांवर आहे. चाळीस झाली की रोड टॅक्स माफ, लंडनच्या प्रदूषण क्षेत्राचे रोजचे साडेबारा पौंडही माफ. २०१८ पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही, गाडीत मोठे बदल केलेले नसले तर. चाळिशीच्या आतल्या गाडीलाही वयाची बंदी नाही, तपासणीत पास झाली की चालते. २००९ मध्ये सरकारने आणि मोटार कंपन्यांनी मिळून दहा वर्षांवरची गाडी मोडीत देणाऱ्याला नव्या गाडीवर २,००० पौंडांची सूट दिली होती, पण ती ज्याच्या त्याच्या मर्जीवर. तपासणीची माफी मात्र मला पटत नाही. ट्रनियनचं काय होतं ते मी माझ्या हातांनी पाहिलं आहे, म्हणून मी दर वर्षी स्वतःहून गाडी तपासून घेतो. आपण नक्कल केली तर एवढी गोष्ट वगळावी.

आपल्या लोकांना वाटतं की इथे हे सगळं पैशामुळे होतं. तसं नाही. नियम उद्या बदलणार नाही हा भरवसा असला की सुटे भाग करणारा यंत्र लावतो. एमजी आणि मिनीचे अख्खे सांगाडे मूळ साच्यांवर दाबून देणारी कंपनी इथे १९७५ पासून आहे. मायनरची दरवाज्याखालची पट्टी मला नवी, घरपोच मिळाली. आणि तरीही इथे जे नाही ते कोल्हापुरात आहे. हात. उद्यमनगरात किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन, दाखवली तर दुपारपर्यंत लेथवर दुसरी करून देतात, नकाशाशिवाय. माझ्या जुन्या गाड्यांच्या क्लबात सत्तरीच्या आतले लोक मोजके आहेत. मिस्त्रींचा नातू मात्र सव्वीस वर्षांचा आहे आणि ठोकून काढलेल्या मडगार्डवर हात फिरवून उंचवटा कुठे राहिला ते सांगतो. अशा मुलाला जुन्या गाड्यांचं काम मिळेल की तो शोरूममध्ये फक्त पार्ट बदलत बसेल, हे बऱ्याच अंशी त्या पस्तीस वर्षांवर ठरणार आहे.

पेट्रोलचंही तेच. आता देशात बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. ज्या कारखान्याला आमच्या काकांचा ऊस जातो तिथेही इथेनॉल होतं, शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, मी त्याच्या विरोधात नाही. पण इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या रबरी नळ्या आणि कार्ब्युरेटरचे भाग खातं. इंग्लंडने सप्टेंबर २०२१ मध्ये दहा टक्के आणलं, तेव्हा जुन्या गाड्यांसाठी पाच टक्क्यांचं महाग पेट्रोल पंपावर ठेवलं. भारतात बिनइथेनॉल पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. जिल्ह्यात एका पंपावर एक नळी जुनी राहिली असती तर उसाचं काय बिघडलं असतं?

माझं मागणं एवढंच आहे. पंचविसाव्या वर्षापासून हौशी वाहनाचा वेगळा वर्ग असावा. ट्रक-टेम्पोही त्यात यावेत. वर्षाला ठरावीक किलोमीटर, भाडं-धंदा नाही, आणि धुराची खरी तपासणी, जिच्यात नापास झालेली गाडी नापासच राहील. माझ्या पुतणीच्या छातीत धूर जाऊ नये ही अट माझीही आहे.

गेल्या महिन्यात आतेभाऊ गडहिंग्लजला सासरी गेला होता. तिथून त्याने एक फोटो पाठवला, खाली काहीच लिहिलं नव्हतं. चिंचेखाली उभी पद्मिनी, १९८९ ची, काचा शाबूत, टायर बसलेले, नोंदणी कधीच संपलेली. सासरे मोडीत काढणार होते. पाच मिनिटांनी त्याचा प्रश्न आला, काय करायचं हिचं? व्हिंटेज व्हायला हिला २०३९ उजाडणार. मी लिहिलं, चार विटांच्या ठोकळ्यांवर उचलून ठेव, टायरवर भार नको. टाकीतलं पेट्रोल काढ. प्लग काढून प्रत्येक भोकात दोन-दोन चमचे इंजिन ऑइल सोड आणि महिन्यातून एकदा इंजिन हाताने फिरव. वर ताडपत्री टाक, पण खालून वारा जाऊ दे. आणि आरसी बुक कुणाच्याही हाती देऊ नकोस.