आबा, चालल्यानं नसा झिजत नाहीत

आबांचे बूट आठ दिवस दाराशी तसेच पडलेत, आत मोजे कोंबलेले. वय ६८, इतकी वर्षं पहाटेची रंकाळ्याची फेरी चुकली नव्हती. विचारलं तर म्हणाले, "नसा झिजत्यात म्हणं. ग्रुपवर आलंय."

तो मेसेज मीही वाचला. पन्नाशीनंतर रोज चालल्या-पळल्यानं नस आणि स्नायूचा सांधा घासून तुटतो, नसांची ताकद जन्मतः मोजून मिळते, म्हणून चालणं बंद करा, पडून राहा, बेंबीत एरंडेल घाला.

घासून तुटतो म्हणे! नसेचं टोक आणि स्नायू एकमेकांना टेकलेलेच नसतात. मध्ये मिलिमीटरच्या साधारण वीस हजाराव्या भागाइतकी फट असते. मेंदूकडून हुकूम आला की टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन त्या फटीत सुटतं आणि पलीकडचा स्नायू आकसतो. काही मिलिसेकंदांत ते रसायन मोडतं, त्यातला कोलिन हा भाग नसेचं टोक परत ओढून घेतं आणि पुन्हा नवं बनवतं. मग मोजून दिलेला साठा संपतो कुठला? मेहनतीनं नसा झिजत्या तर या गावच्या तालमीत एक वस्ताद उभा राहिला नसता.

नस-स्नायूचे हे सांधे वयानं विस्कटतात, हे खरं. स्नायूच्या काही तंतूंची नस सुटतेही. पण हार्वर्डच्या जोशुआ सेन्स आणि जेफ लिख्टमन यांच्या गटानं २०१० साली काय दाखवलं? २२ महिन्यांचे, म्हणजे म्हातारे उंदीर महिनाभर चाकावर पळू दिले, तर त्यांचे विस्कटलेले सांधे बऱ्याच अंशी सावरले. मेसेजच्या बरोबर उलट! प्रयोग उंदरांवरचा आहे, मान्य. मेलेली चेतापेशी व्यायामानं जिवंत होत नाही, तेही मान्य. पण पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या मांड्या किती लवकर उतरतात, हे घरोघरी बघितलंय आपण.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मायस्थेनिया नावाच्या आजारात शरीर स्वतःच या सांध्यावर हल्ला करतं. पापण्या पडतात, एकाचे दोन दिसतात, वापरेल तसा स्नायू थकतो. असं काही असेल तर आधी डॉक्टर गाठा. आबांना यातलं काहीच नाही.

एरंडेलाचं सोडा, बेंबीतून नसांकडं वाटच नाही.

ज्या मामांनी हे पाठवलं, त्यांनी त्याच ग्रुपवर 'ते खोटं होतं' असं आजच लिहावं. आबांच्या सोबतचे आणखी दोघं रंकाळ्याला यायचे बंद झालेत.