"आधी कायदा वाचा" म्हणणाऱ्या वाचकास

कटातल्या एकाचं बोलणं बाकीच्यांविरुद्ध पुरावा म्हणून कधी चालतं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आणि खरं सांगतो, मुद्द्यापेक्षा सूरच जास्त लागला. "राजीव गांधी खटल्यात अटकेनंतरचे कबुलीजबाब सहआरोपींविरुद्ध वापरले, तुम्ही म्हणता चालत नाहीत. आधी कायदा वाचा, मग लोकांना शिकवा." नाही पटलं तर नाही पटलं म्हणा ना, पण नाव न लावता हे शेवटचं वाक्य फेकायची काय गरज होती?

एक चूक कबूल. या नियमासाठी मी सगळीकडे कलम 10 लिहिलं. 1872 चा पुरावा कायदा 1 जुलै 2024 पासून गेला, आता ते भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 8 आहे. मजकूर जवळपास तोच, पण आकडा चुकला तो चुकला, दुरुस्त केलाय.

आता "कायदा वाचा". अहो, मी सात वर्षं एका फौजदारी वकिलांकडे ज्युनिअर होतो. कटाची केस आली की सरांचा पहिला हुकूम, प्रत्येक जबाबाच्या डोक्यावर लाल पेन्सिलनं दोन तारखा टाक, बोलणाऱ्याला अटक कधी झाली आणि तो बोलला कधी. एकदा एका जबाबावर अटकेची तारीख टाकायची राहिली तर भर कोर्टात फाईल माझ्या अंगावर आली होती, त्यामुळे हे कलम मला कुणी वाचून दाखवू नये. सगळी गंमत त्या दोन तारखांतच आहे. कट चालू असताना एकजण त्या कटाबद्दल जे बोलतो, लिहितो, करतो ते बाकीच्यांवरही शेकतं, कारण तेव्हा प्रत्येकजण जणू दुसऱ्याचा एजंट असतो. पकडल्यावर मात्र तो झालेली गोष्ट सांगत असतो, म्हणून ती सहसा बाकीच्यांवर शेकत नाही. 1940 च्या मिर्झा अकबर प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलनं (तेव्हाचं लंडनमधलं सर्वात वरचं अपील न्यायालय) हेच धरलं: नवऱ्याच्या खुनाचा कट शिजत असताना बायको आणि अकबर यांच्यात झालेली पत्रं चालली, पण अटकेनंतर तिनं मॅजिस्ट्रेटपुढे दिलेला जबाब या कलमाखाली अकबरविरुद्ध चालला नाही.

आणि तुमचा राजीव गांधी खटला? 1999 च्या निकालात कबुलीजबाब वापरले, बरोबर, पण टाडाच्या (तेव्हाच्या खास दहशतवादविरोधी कायद्याच्या) कलम 15 खाली! टाडात पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुलीसुद्धा चालायची, तो मामलाच वेगळा. कलम 10 बद्दल त्याच निकालात आहे की अटक झाली की सहसा त्या माणसाचा कटाशी संबंध तुटतो. हा "सहसा" माझ्या लेखातही होता, तुम्ही तो गाळून भांडताय.

बाकी ते, कट सिद्ध करायला जे वाक्य वापरायचं तेच आत घ्यायला आधी कट मानायचा, हे गोल गोल नाही का वगैरे. कलमातच आधी कट होता असं मानायला "वाजवी आधार" मागितलाय, तेवढं पुरे, त्यात आत्ता शिरत नाही.

पुढच्या वेळी नाव लावून लिहा, नाहीतर उत्तराची वाट बघू नका.