स्कॉटलंड ‘विकत घेतला’? आधी हिशेब नीट मांडा

‘दारिएनच्या वसाहतीत स्कॉटलंडचं दिवाळं वाजलं, मग इंग्लंडने चार लाख पौंड मोजून १७०७ मध्ये तो देश विकत घेतला आणि जनतेने चकार शब्द काढला नाही.’ हा मजकूर वरचेवर फिरत असतो. यात लाच घेतली गेली एवढं खरं आहे. बाकीचं उसवून बघू.

दिवाळं कुणाचं? १६९५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या ‘कंपनी ऑफ स्कॉटलंड’चं. लंडनच्या ईस्ट इंडिया कंपनीला हा प्रतिस्पर्धी खुपला आणि तिथलं भांडवल आटलं, तेव्हा स्कॉटिश सरदार, व्यापारी, वकील यांनी चार लाख पौंड घालायचं कबूल केलं. हाती आले त्याच्या निम्म्याहूनही कमी. १६९८ मध्ये पहिली गलबतं पनामाच्या चिंचोळ्या पट्टीवरच्या दारिएनकडे निघाली. ताप, उपासमार आणि शेवटी स्पॅनिश वेढा यांनी १७०० मध्ये तो खेळ संपवला. बुडाली ती भागधारकांची पुंजी, राज्याची तिजोरी नव्हे. त्याच दशकात लागोपाठ पिकं बुडून दुष्काळ पडला, देश गांजलेला होता हे मान्य. पण गांजलेला आणि दिवाळखोर यांत फरक आहे.

आता इंग्लंडने मोजले म्हणतात ते चार लाख. दोन्ही राज्यं एक करणाऱ्या १७०७ च्या तहाच्या पंधराव्या कलमात आकडा आहे ३,९८,०८५ पौंड १० शिलिंग. त्याचं नाव ‘इक्विव्हॅलंट’, म्हणजे भरपाई. एकत्र राज्य झाल्यावर स्कॉटिश जनतेच्या जकाती आणि अबकारीतून इंग्लंडचं जुनं कर्जही फिटणार होतं, त्या बोज्याबद्दलची ही रक्कम. तिच्यातूनच दारिएनच्या भागधारकांना मुद्दल आणि वर पाच टक्के व्याज मिळायचं होतं. म्हणजे ही किंमत असलीच, तर पुढे स्कॉटलंडच्याच खिशातून वसूल होणारी. मात्र संसदेत काठावर बसलेल्या ‘स्क्वाड्रोने’ गटातल्या काहींचे पैसे त्याच कंपनीत अडकले होते, आणि त्यांची मतं निर्णायक ठरली. हा योगायोग मला तरी निरागस वाटत नाही.

खरी लपवाछपवी वेगळीच होती. लंडनहून २०,००० पौंड गुपचूप आले आणि ‘थकीत पगार’ म्हणून स्कॉटिश पुढाऱ्यांना वाटले गेले. काहींचे पगार खरोखरच थकलेले होते. सर्वांत मोठा वाटा, १२,००० हून अधिक, राणी ॲनचे प्रतिनिधी ड्यूक ऑफ क्वीन्सबरी यांचा. आणि लॉर्ड बॅन्फ यांच्या नावापुढे फक्त ११ पौंड २ शिलिंग! लाच होती, पण चार लाखांची नव्हती.

पैशापेक्षा धाक मोठा होता. दोन्ही देशांच्या गादीवर असलेल्या राणी ॲनचं एकही मूल हयात नव्हतं. १७०१ मध्ये इंग्लंडने एडिनबराच्या स्कॉटिश संसदेला न विचारता हॅनोव्हरच्या घराण्याला वारस ठरवलं. स्कॉटिश संसदेने १७०४ मध्ये ‘आम्ही आमचा राजा वेगळा निवडू शकतो’ असा कायदा केला. फ्रान्सशी लढाई चालू असताना पाठीमागे, स्कॉटलंडच्या गादीवर, फ्रान्सच्या आश्रयाला असलेला स्टुअर्ट घराण्याचा दावेदार बसण्याची शक्यता लंडनला परवडणारी नव्हती. लगेच १७०५ चा एलियन ॲक्ट आला: बोलणी सुरू करा, नाहीतर स्कॉटिश माणूस इंग्लंडमध्ये परका ठरेल आणि तुमचं लिननचं कापड, गुरं, कोळसा सीमेवर अडेल. तो पुढे मागे घेतला गेला, पण इशारा पोचला होता. त्यात विरोधकांचे पुढारी ड्यूक ऑफ हॅमिल्टन यांनी १७०५ च्या सप्टेंबरात, बरेच सभासद सभागृहातून निघून गेल्यावर, तहाचे प्रतिनिधी राणीनेच नेमावेत असा ठराव स्वतः मांडला. त्यांचेच साथीदार थक्क झाले.

आणि ‘चकार शब्द काढला नाही’? १७०६ च्या ऑक्टोबरात एडिनबरात दंगा उसळला, मग ग्लासगोत. २० नोव्हेंबरला डम्फ्रीजच्या बाजारचौकात तहाची कलमं जाळली गेली. परगणे, शहरं, चर्चचे पॅरिश यांच्याकडून विरोधाचे अर्ज येत राहिले. चर्चचा आवाज, त्याला वेगळ्या कायद्याने हमी मिळाल्यावर, बराच मवाळ झाला. १६ जानेवारी १७०७ ला संसदेने तह मंजूर केला, बाजूने ११० मतं पडली. पण त्या संसदेत कोण बसेल हे ठरवण्याचा हक्क मूठभरांनाच होता.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये भरपाईचा पैसा एडिनबराला पोचला. उघडून पाहतात तर नाणी थोडी, बाकी सरकारी हुंड्या. परतणाऱ्या गाड्यांवर जमावाने दगड मारले. उरलेल्या देण्याचे रोखे वर्षानुवर्षं हातोहात फिरत राहिले आणि ते बाळगणाऱ्यांनीच पुढे, १७२७ मध्ये, रॉयल बँक ऑफ स्कॉटलंड काढली.