एएमडीचा लॅपटॉप विकायच्या आधी : त्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोन आला. "मामा, लॅपटॉप विकतोय. उद्या इचलकरंजीचा माणूस न्यायला येणार हाय. आय ७ घ्यायचाय, हप्त्याचं तेवढं बघता का?"

लॅपटॉप दोन वर्षांचा, एएमडी कंपनीच्या रायझन ५ प्रोसेसरचा. उचगावात हळदीला वाजवताना दोनदा आवाज तडतडला आणि त्याच आठवड्यात डीजेवाल्यांच्या ग्रुपवर 'तो' मेसेज फिरत आला. मी लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, त्यामुळे महिन्याभरात मलाच तो चौघांनी पाठवलाय. त्यातले पाच दावे असे: एएमडी प्रोसेसरवर डीजे सॉफ्टवेअर चालतच नाही, इंटेल आय ७च पाहिजे. रॅम ३२ जीबी केली की तडतड जाते. एमएसकॉन्फिग या विंडोजच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरचा आकडा वाढवला की स्पीड दुप्पट. बफर, म्हणजे आवाजाचा पुढचा तुकडा आधीच तयार ठेवायची जागा, सगळ्यात कमी ठेवला की आवाज क्लिअर. आणि स्पीकरमधून गुणगुण येत असेल तर चार्जरची अर्थिंगची पिन तोडून टाका.

पहिला दावा आधी घेतो, कारण पोरं त्यापायी कर्ज काढायला निघालीत.

एएमडी आणि इंटेल हे दोन्ही प्रोसेसर एकच भाषा बोलतात. या दोघांवरचं आजचं ६४ बिट विंडोज ज्या सूचनांवर चालतं, त्या मुळात एएमडीनं तयार केल्या. २००३ मध्ये त्यांचा तसा पहिला प्रोसेसर बाजारात आला, इंटेलनं त्या नंतर घेतल्या. पुरावा कुठल्याही इंटेलच्या लॅपटॉपमध्येच पडलाय. विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये ड्रायव्हरस्टोअर, त्यात फाइलरिपॉझिटरी उघडा. फोल्डरांच्या नावांत ओळीनं 'एएमडी६४' दिसेल. भाच्याच्या मित्राच्या आय ७ वर मी हे उघडून दाखवलं, तेव्हा दोघंही बराच वेळ नुसते खाली-वर स्क्रोल करत बसले.

आता यात जेवढं खरं आहे तेवढं मान्य करतो. रायझन २०१७ मध्ये आला. त्याआधीचे एएमडीचे स्वस्तातले लॅपटॉप खरोखरच अशक्त होते, आणि काही डीजे सॉफ्टवेअरच्या अधिकृत यादीत बरीच वर्षं इंटेलचीच नावं असायची. यादीत नाव नसणं म्हणजे तिथं तपासलेलं नाही, एवढंच. रायझनमध्येही एक दोष निघाला होता आणि तो खुद्द एएमडीनं मार्च २०२२ मध्ये जाहीरपणे कबूल केला: काही मशिनवर 'फर्मवेअर टीपीएम' नावाचं सुरक्षेसाठीचं आतलं सॉफ्टवेअर मधेच मदरबोर्डवरच्या मेमरी चिपशी बोलायला जातं आणि तेवढ्यापुरतं सगळं अडखळतं. गाण्यात तेच ऐकू येतं. त्याचा इलाज बायोस (मशिन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करणं हा आहे आणि तो फुकट आहे. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत असतं तर त्यानं 'बायोस अपडेट करा' एवढी एक ओळ लिहिली असती, लोकांना मशिन विकायला लावलं नसतं.

आणि 'आय ७' हे नाव म्हणजे ताकद नव्हे. सेकंडहँडमध्ये अजून फिरणारा आय ७ ७५००यू दोन कोरचा, म्हणजे आत काम करणारे दोनच भाग असलेला, आहे. त्याच्या पुढच्याच पिढीतला आय ५ ८२५०यू चार कोरचा. पोरं आकडा बघून पहिला उचलतात.

मग तडतड कशानं होती? सकाळी मी त्याच्या घरी जाऊन लेटन्सीमॉन चालवलं. फुकटचं सॉफ्टवेअर आहे, कुठला ड्रायव्हर (वायफाय, यूएसबी असे भाग चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) प्रोसेसरला अडवून धरतो ते दाखवतं. गाणं लावून दहा मिनिटं बसलो. पट्टी लाल झाली, वर नाव नेटवर्कच्या ड्रायव्हरचं. वायफाय बंद केलं, पट्टी हिरवी. दुसरं कारण त्यानंच सांगितलं: उचगावात गुणगुण यायला लागली म्हणून त्यानं चार्जर काढून ठेवला होता. म्हणजे लॅपटॉप बॅटरीवर, प्रोसेसरचा वेग उतरलेला, वर मोबाइलचं हॉटस्पॉट जोडलेलं. अशात आय ७ सुद्धा तडतडला असता. पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स'वर ठेवला, यूएसबीची वीज आपोआप बंद व्हायची सेटिंग काढली, वायफायचा ड्रायव्हर नवा टाकला. इचलकरंजीच्या माणसाला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

रॅमचं गणित कुणीही करावं. पाच मिनिटांचं डब्ल्यूएव्ही, म्हणजे न दाबलेलं, गाणं साधारण ५३ एमबीचं. दोन डेकवर दोन गाणी. ३२ जीबी कशाला लागतात? ८ जीबीत भागतं.

एमएसकॉन्फिगचा तो आकडा चाचणीसाठी कोर कमी करायला दिलाय. विंडोज मुळातच सगळे कोर वापरतं, वाढवायला तिथं काही नाही.

बफरचा दावा तर साफ उलटा आहे. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने धरले तर ५१२ च्या बफरला प्रोसेसरकडे जवळपास साडेअकरा मिलिसेकंद असतात, ६४ ला जेमतेम दीड. तेवढ्यात पुढचा घास तयार नसेल तर आवाजात भोक पडतं, तीच तडतड. बफर कमी केल्यानं कंट्रोलरवर, म्हणजे डीजेच्या चकत्या-बटणांच्या पेटीवर, हात फिरवल्यावर आवाज लवकर येतो, पण तो क्लिअर होत नाही.

ज्या एका प्रोसेसरबद्दल खरंच सावध करायला हवं होतं, त्याचा मेसेजमध्ये उल्लेखही नाही. स्नॅपड्रॅगनवरचे विंडोज लॅपटॉप आता दुकानात आलेत. ते आर्मवर, म्हणजे इंटेल-एएमडीपेक्षा वेगळ्याच भाषेवर, चालतात. जुनं सॉफ्टवेअर त्यावर नक्कल करून चालतं, पण ड्रायव्हरची नक्कल होत नाही, तो आर्मसाठीच लिहिलेला लागतो. तुमच्या कंट्रोलरचा तसा ड्रायव्हर आहे का, हे पैसे देण्याआधी बघा.

राहिली अर्थिंगची पिन, आणि हे लिहिणाऱ्यावर माझा खरा राग आहे. गुणगुण येते ती चार्जर आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगवेगळ्या ठिकाणी अर्थ झाले की. चार्जर काढला की ती जाते, हे खरं. पण पिन तोडणं म्हणजे माणसाला झटक्यापासून वाचवणारी वायरच तोडणं. आपल्याकडे गणपती भर पावसाळ्यात येतात. कोल्हापुरात महाद्वार रोडवर ट्रॉलीवर जनरेटर, खाली चिखल, ओले हात, आजूबाजूला नाचणारी पोरं. तिथं बिनअर्थिंगचं मशिन? लॅपटॉप, मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर घ्या. तरीही गुणगुण राहिली तर ऑडिओच्या वायरमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (तारांची थेट जोड तोडून फक्त आवाज पुढं पाठवणारा डबा) टाका. कुठल्याही साउंडवाल्याकडे मिळतो.

निघताना मी भाच्याचा चार्जर सॉकेटमधून काढला. जाडी पिन मुळाशी कापलेली. "कालच कापली, मामा," म्हणाला. मी ती कॉर्ड तिथंच मधोमध कापून टाकली, म्हणजे परत कुणी लावायला नको, आणि खाली जाऊन नवी तीन पिनची कॉर्ड आणून दिली.