एका डावात ८८ षटकं

इंदूरमध्ये क्रिकेटचा विषय निघाला की गाडी दोन मिनिटांत कर्नलसाहेबांवर, म्हणजे सी.के. नायडूंवर येते. सी.के.ंचे षटकार, मग मुश्ताक अली, मग रणजी चार वेळा जिंकणारी आपल्या इंदूर संस्थानाची होळकर टीम. सी.एस. नायडूचं नाव काढलं, तर रामबागेतली जुनी मंडळीसुद्धा "हां, तो धाकटा भाऊ" म्हणून पुढे सरकतात. माझं डोकं फिरतं.

मार्च १९४५, ब्रेबॉर्नवर रणजीची फायनल, मुंबई विरुद्ध होळकर. निकाल लागेपर्यंत खेळायचं, त्यामुळे दिवस मोजायचा प्रश्नच नाही. मुंबईच्या पहिल्या डावात सी.एस.ने ६४.५ षटकं टाकून १५३ धावांत ६ गडी काढले. दुसऱ्या डावात मुंबईने ७६४ कुटल्या, त्यात मर्चंट एकटे २७८. सी.एस.ची षटकं ८८, धावा २७५, बळी ५. आणि हा काही संथ डावखुरा नव्हे, लेगस्पिन-गुगलीवाला! गल्लीत अर्धा तास मन लावून लेगब्रेक टाकलेल्या कुणालाही विचारा, अनामिकेची कातडी कशी हुळहुळते ते. सामन्यात एकूण ९१७ चेंडू. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यात इतके चेंडू आजवर दुसऱ्या कुणी टाकलेले नाहीत. दिलेल्या ४२८ धावा हाही विक्रमच. पुन्हा पुन्हा चेंडू हातात देणारा कप्तान कोण, तर सख्खा थोरला भाऊ. (घरी आईसमोर काय बोलणं झालं असेल देव जाणे.)

पण त्या सामन्यातलं लोकांना आठवतं काय, तर महूच्या छावणीतून येऊन आपल्याकडून खेळलेल्या इंग्लंडच्या डेनिस कॉम्प्टनचे नाबाद २४९. आपण ३७४ धावांनी हरलो, ती गोष्ट वेगळी.

आता कसोटीचं. ११ सामने, २ बळी, सरासरी बळीमागे १७९.५० धावा. या आकड्यावर खिदळणारे बरेच भेटतात. त्यांना मी एकच विचारतो, चेंडू किती टाकले? ५२२. १९३४ ते १९५२ या सगळ्या काळात मिळून ८७ षटकं! त्या फायनलच्या एका डावात याहून एक जास्त टाकलंय त्याने. कसोटीमागे जेमतेम आठ षटकं, तेवढ्यात लेगस्पिनरचा हात तरी बसतो का? महाग पडायचा, कबूल. षटकाला चारच्या वर जायचे. पण प्रथम श्रेणीत ६४७ बळी आहेत, सव्वीस-साडेसव्वीसच्या सरासरीने. ते काय समोरच्यांनी दान दिले? भरवसा टाकायचाच नव्हता तर अकरा वेळा टीममध्ये घेतला कशाला?

१९४६ च्या इंग्लंड दौऱ्यातली सरेविरुद्धची मॅच घ्या. आपले चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांची शेवटच्या जोडीची २४९ ची भागी पोरांनाही पाठ असते. त्याच मॅचमध्ये सी.एस.ची हॅटट्रिक होती, ती कुणी सांगत नाही.

२००२ मध्ये तो इथे इंदूरमध्येच गेला. माझं म्हणणं एवढंच, होळकर स्टेडियमच्या एखाद्या भिंतीवर ९१७ हा आकडा नावासकट रंगवा. फार खर्च नाही त्याला.

आणि बडोदेकरांनो, तुम्ही का गप्प? १९४२-४३ मध्ये रणजीच्या एका मोसमात ४० बळी घेतले, ते तुमच्याकडून खेळताना. तुम्ही पहिल्यांदा रणजी जिंकलात ते त्याच वर्षी. जरा बोला की!